धोंडिबाची कौलं

आमचं माळकोंडी धरणात बुडालं, तेव्हा ते मूळच्या दुप्पट झालं होतं. ही करामत धोंडिबा गवंड्याची.

मोजणीचे साहेब येणार, घरोघरचे फोटो निघणार आणि जितकी घरं तितकी भरपाई, असं कळलं मात्र, गावात सख्खे भाऊ धडाधड वेगळे झाले. म्हशींचे गोठेसुद्धा घरं म्हणून सजू लागले. धोंडिबानं रात्रंदिवस खपून कुडाच्या भिंती उभ्या केल्या, लिंपल्या, दारं बसवली. शेवटी कौलं संपली. पाटलांचं नवं ‘घर’ बोडकं राहिलं. या भल्या माणसानं स्वतःच्या घरावरची कौलं उतरवून तिथं चढवली. मोजणी झाली की परत आणू, म्हणाला. बायको यमुना घसा फाटेस्तोवर ओरडली, पण ऐकतो कोण.

मग साहेब आले. धोंडिबाच्या घराचा फोटो निघाला तो बिनछपराचा. दारात यमुना उभी, डोक्यावर पदर, नजरेत संताप. नोंद झाली पडकं घर म्हणून, आणि भरपाई मिळाली शून्य. गोठेवाल्यांनी हुबळीत दुकानं थाटली. पाटलांचा नातू मुकुल आज देशपांडे नगरात वकील आहे. धोंडिबा अळनावरजवळ पत्र्याच्या शेडमध्ये राहिला. यमुना त्याच शेडमध्ये वारली.

गेल्या वर्षी मुकुलला बुडालेल्या गावाचं पुस्तक काढायची हुक्की आली. समिती झाली. मोजणीचे जुने फोटो कुठून तरी मिळवले. ते पाहून आमची म्हातारी मंडळी गहिवरली. ज्या घरात माणूस एक रात्रही झोपला नव्हता, त्याच्या ओसरीच्या आठवणी लोकांनी पानंच्या पानं सांगितल्या. मला आधी हसू आलं, मग संताप आला.

त्या फोटोंत धोंडिबाला यमुना सापडली. तिचा दुसरा फोटोच नव्हता. फोटोखाली तिचं नाव घाला, एवढंच त्यानं मागितलं. समितीला घाम फुटला. नाव घातलं की त्या घरात माणसं राहत होती असं होणार, मग छप्पर कुठं गेलं हे कोणीतरी विचारणार. मुकुल गोड हसून म्हणाला, "बघतो की अण्णा."

प्रकाशन धारवाडला, सुभाष रोडजवळच्या एका हॉलमध्ये झालं. ‘माळकोंडी घडवणारे हात’ म्हणून धोंडिबाला शाल आणि नारळ दिला. त्या दिवशी व्यासपीठावरून तेवढं एकच वाक्य खरं बोललं गेलं.

खुर्चीवर बसून त्यानं पुस्तक उघडलं, एकेक पान उलटत आपल्या घरापाशी आला. भिंती होत्या. चौकट होती. दारात कोणी नव्हतं. खाली छापलं होतं, ‘एक ओसाड घर’. यमुनेच्या जागी मागची भिंत इतक्या सफाईनं चिकटवली होती, की गवंड्याच्या बोटालाही सांधा लागेना. तो बराच वेळ बोट फिरवत राहिला.

मग उठला. शाल काढून त्यानं नीट घडी घातली आणि मुकुलच्या मांडीवर ठेवली. मी शेजारीच होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"छप्पर मी काढलो होतो, वकीलसाहेब. तिला तुम्ही काढलासा."

माईक लांब होता. हॉलमधल्या लोकांना वाटलं, म्हातारा आभार मानतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.