बाळूच्या नावाचं पान

मित्रांनो, दुपारपासून डोकं सुन्न आहे, म्हणून इथे लिहितोय.

लहानपणी मी एका मालिकेत बाळू झालो होतो. तो बाळू विहिरीत पडून मरतो. पुढे मी अभिनय सोडला. आता स्वतःची गाणी लिहितो, गिटारवर गातो. आज बोरगाव मेघेत मित्राच्या घरी थोड्या लोकांसमोर गायलो.

गाणी संपली तशी मित्राची आई स्वयंपाकघरातून आली आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, "बाळू! केवढा झाला रे!"

मी हसलो. "काकू, मी आता गातो."

"गाय ना बापा. पण तू मेला तवापासून दरवर्षी पितरात तुह्या नावानं पान ठेवतो मी. लेकराले दुसरं कोन ठेवते?"

पितृपक्ष चालू आहे, हे मी विसरलोच होतो. काकूंनी गच्चीवर मांडलेलं खीर-वड्यांचं पान उचलून आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"खा. यंदा कावळ्याची वाट पाहा लागत नाई."

सगळे हसले. मी खाल्लं. काकू पदराने डोळे पुसत बघत होत्या.

गाणी तर मीच गायलो. पण खरं सांगा, जेवून कोण आलं?