पाळीपाळीने आईबाप

माझी भावजय एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी नाहीच. त्यामुळे माझा धाकटा भाऊ तिला आणि तिच्या कडेवरच्या ठकीला घेऊन या परक्या देशातल्या शहरात आला, तेव्हा आमची पहिली ठिणगी लवकरच पडणार हे मी ओळखून होते. मी इथे आधीपासून. एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालते, भरवते, आणि त्यांच्या शिव्या खाते. भावाला शीतगृहात काम मिळालं, गोठवलेली खोकी एका मांडणीवरून दुसरीवर चढवायचं. एकाच्या कमाईवर या शहरात चूल पेटत नाही, म्हणून भावजयीलाही बाहेर पडणं भाग होतं. मी तिला गल्लीच्या तोंडाशी असलेलं पाळणाघर दाखवलं. स्वच्छ जागा, मायाळू बाई, खिडकीला जाळी.

"ताई, माझी पोर मी परक्याच्या दारात ठेवणार नाही," ती म्हणाली.

"अगं, इथे सगळेच ठेवतात."

"ठेवू देत."

ती का अडून बसली होती ते मला माहीत होतं, म्हणून मी फार ताणलं नाही. ती लहान असताना तिची आई परगावी नोकरीला होती, आणि ही आज मामाकडे, उद्या आत्याकडे अशी वाढली. आई भेटायला आली की ही दाराआड लपायची. पाहुणी बाई आली असंच तिला वाटायचं. लग्नानंतर एकदा तिने मला हे सांगितलं, तेही कांदा चिरताना, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याचा हिशोब द्यायला नको. आपल्या लेकीला आपण कधी पाहुणे वाटायचं नाही, एवढी एकच गोष्ट तिला आयुष्यात हवी होती. बाकी कशाबद्दल तिची तक्रार नव्हती.

तिने मार्ग काढला. तिने एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात सकाळची पाळी घेतली, आणि भावाला संध्याकाळची घ्यायला लावली. तो उठून ठकीला सांभाळायचा, ही कामावरून आली की तो निघायचा. साप्ताहिक सुट्ट्याही दोघांनी मुद्दाम वेगवेगळ्या दिवशी मागून घेतल्या, म्हणजे एकाच्या सुट्टीत दुसऱ्याला जादा काम करता येईल आणि पोर कधी एकटी पडणार नाही. मला ती हे सगळं बोटांवर मोजून समजावून सांगत होती, आणि भाऊ शेजारी बसून मान हलवत होता. बायकोपुढे तो नेहमीच होयबा.

धुलाईखान्यात तप्त रुळांतून चादरी बाहेर येतात. दोघींनी समोरासमोर उभं राहून त्या पकडायच्या, ताणायच्या, घडी घालायची. हात मागेपुढे झाला की चटका. भावजयीच्या मनगटापासून कोपरापर्यंत तांबडे पट्टे उठले होते. भावाचं उलटं, त्याच्या बोटांना गार-गरम कळेनासं झालं होतं. ठकीच्या आंघोळीचं पाणी तो कोपर बुडवून बघायचा. एक भाजलेली आणि एक गोठलेला. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही खोटं नाही.

पण खरा घोर होता तो अदलाबदलीचा. खोली तिसऱ्या मजल्यावर, लाकडी जमिनीची. आई आली की बाप निघतो, बाप उठला की आई गेलेली असते, हे ठकीला सहन व्हायचं नाही. ती दारात लोळण घ्यायची, पाय आपटायची, आणि खालचा म्हातारा काठीने छत ठोकायचा. एकदा घरमालकाचा माणूस येऊन ताकीद देऊन गेला. पुन्हा तक्रार आली तर खोली सोडावी लागली असती.

तेव्हा भावाच्या सुपीक डोक्यातून खेळ निघाला. निघायची वेळ झाली की ठकीनेच जाणाऱ्याचे बूट आणून द्यायचे. बूट आणले की टाळ्या, पापा, गालावर टिचकी. पोर रमली. रडणं हळूहळू थांबलं. पुढे पुढे तर सांगायचीही गरज उरली नाही. किल्लीचा आवाज झाला की ठकी हातातलं टाकून उठायची, जो घरात असेल त्याचे बूट दोन्ही हातांनी उचलून त्याच्या पायाशी ठेवायची, आणि टाळ्यांची वाट बघत उभी राहायची.

"मुलाचे पाय पाळण्यात दिसतात बघ," भाऊ मला म्हणाला. "केवढी समजूत."

मीही टाळ्या वाजवल्या. भावजयीचा चेहरा तर असा फुलला होता, की मला पाळणाघराचं नाव काढायची सोय उरली नाही. तिचा हट्ट खरा ठरला असंच मला त्या दिवशी वाटलं. आता वाटतं, आम्हा तिघांची अक्कल कुठे चरायला गेली होती?

मग थंडीत धुलाईखान्याचा बॉयलर फुटला आणि तिला अचानक सुट्टी मिळाली. नेमका भावाच्याच सुट्टीचा दिवस. इथे आल्यापासून तिघं दिवसभर एकत्र असण्याची ती पहिलीच वेळ. तिने मला कामावर फोन केला. एरवी मोजकं बोलणारी बाई, पण त्या दिवशी थांबेचना. "ताई, आज तिघं एका ताटात जेवणार. तुम्हीही सुटलात की या."

मी दुपारी सुटले आणि गेले. जिना चढताना वरून ठकीचं रडणं ऐकू येत होतं. हट्टाचं रडणं मला कळतं, हे तसलं नव्हतं. पोर घाबरलेली होती. दुसऱ्या मजल्यावर पोचले तोवर दार उघडून लागल्याचा आवाज झाला आणि रडणं थांबलं. एकदम थांबलं.

वर बघते तर भाऊ शेवटच्या पायरीवर बसलेला. अंगात स्वेटर नाही, बुटांच्या नाड्या सुटलेल्या.

"काय झालं? भांडलात?"

"नाही गं." तो हळू आवाजात बोलत होता, आत ऐकू जाऊ नये म्हणून. "सकाळी ठकी उठली, आम्ही दोघं दिसलो, आणि हिचे बूट घेऊन आली. ही म्हणाली, आज कुठे जायचं नाही. तर माझे आणले. आम्ही दोघांचे बूट कपाटात ठेवले, तर कपाटावर डोकं आपटायला लागली. मी जवळ घेतलं की हिच्याकडे बघून किंचाळते, हिने घेतलं की माझ्याकडे बघून. सकाळपासून पाण्याचा थेंब पोटात नाही. शेवटी हिनेच कपाट उघडलं. ठकीने माझे बूट ओढत आणले, पायाशी ठेवले."

"आणि तू घातलेस."

"हीच म्हणाली, घाला."

मला त्याचा राग आला, तिचा आला, त्या शहाण्या खेळाचा आला, आणि सगळ्यात जास्त कोणाचा आला ते सांगून उपयोग नाही. पोर काहीच चुकीचं करत नव्हती. या घरात आई असते तेव्हा बाप नसतो, बाप असतो तेव्हा आई नसते, हे आम्हीच तिला पापे घेऊन घेऊन शिकवलं होतं. दोघं एकदम दिसले म्हणजे जगाचं काहीतरी बिघडलंय, एवढंच तिला कळत होतं, आणि ती आपल्या परीने ते नीट करत होती.

दाराआडून भावजयीचा आवाज येत होता. हा घास काऊचा, हा घास चिऊचा. आवाज शांत होता, जरा जास्तच शांत. मधूनच ठकी खुदकन हसली. मग भावजय म्हणाली, "हा घास बाबांचा," आणि बराच वेळ पुढचा घास काही आला नाही.

जिन्यात गारठा मी म्हणत होता. भावाने दोन्ही हात काखेत धरले होते. मी दार वाजवायला हात उचलला.

"चल आत," मी म्हटलं. "आपल्याच घराबाहेर असा काय बसतोस?"

त्याने माझं मनगट धरलं. त्याची बोटं बर्फासारखी होती, आणि त्याला ते कळतही नव्हतं.

"थांब ताई," तो म्हणाला. "जेवतेय ती. जेवू दे."