अक्काची हिंगाची धुरी

हिंगावाचून जगात काहीही धड होत नाही असं मानणारी एकच बाई मी पाहिली, आणि ती नेमकी माझी थोरली जाऊ निघाली. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. तान्ह्या पोराचं पोट फुगलं की बेंबीवर हिंग, दाढ ठणकली की दाढेत हिंग, शेजारच्या म्हशीनं वैरण सोडली की तिलाही गुळातून हिंग. एकदा मी नुसती गप्प बसले होते, तर मला म्हणाली, "धाकले, ताकात हिंग घालून दिऊ काय?"

तिचं नाक म्हणजे कहर. वडगावच्या बाजारात हिंगाचा खडा नाकाजवळ न्यायची आणि चारचौघांत दुकानदाराला विचारायची, "पावणं, ह्यात पीठच लई हाय. भजी तळू काय ह्याची?" पुढं पुढं तिला बघितलं की तो डबाच आत ठेवायचा.

पण तिचा खरा मान उन्हाळ्यात. लोणच्याच्या बरणीला हिंगाची धुरी द्यावी ती अक्कानंच. निखाऱ्यावर खडा टाकून वर बरणी पालथी घालायची. धूर कमी पडला तर लोणच्याला बुरशी, जास्त झाला तर ते कडू. कधी उचलायची ते अक्काच्या नाकाला कळायचं. गल्लीतल्या बायका बरण्या घेऊन आमच्या घरामागच्या परड्यात बसायच्या.

मग घराघरात प्लास्टिकच्या बरण्या आल्या. तिच्या सुनेनं एक हौसेनं आणली आणि अक्कानं ती सरळ निखाऱ्यावर पालथी घातली. मी धुणं वाळत घालत होते. असली घाण सुटली की मी पिळा टाकून धावले. बरणी ओल्या फडक्यासारखी खाली बसलेली आणि अक्का शेजारी निवांत.

सून म्हणाली, "आत्या, जळतंय की ते. वास येत न्हाय व्हय?"

"येतोय की. प्लास्टिकला हिंग सोसत न्हाय, हे तुला दाखवाय ठेवलं हुतं."

बरण्या घेऊन बसलेल्या बायका पोट धरून हसल्या. मी हसले नाही. थंडीत तिला मोठं दुखणं झालं होतं, आणि तेव्हापासून आमटीत हिंग मुठीनं पडत होता. संध्याकाळी मी सरळच विचारलं, "अक्का, नाक गेलं न्हवं तुझं?"

"कवाचं," ती म्हणाली. "कुणाला सांगू नगंस. मग बरण्या घिऊन कोण येतंय माझ्याकडं?"

"न्हाय सांगत. तू रिकामी बसलीस तर दिवसभर तुझं तोंड मलाच बघाय लागंल."

पुढच्या उन्हाळ्यापासून मी कैऱ्या फोडायला तिच्या पाठीमागं बसते. धूर पुरेसा झाला की तिचा पदर हळूच ओढते. अक्का एक लांब श्वास घेते आणि म्हणते, "बास. उचला." बायका एकमेकींकडं बघतात. काय नाक आहे, म्हणतात.

यंदा दोघीतिघी तक्रार घेऊन आल्या, लोणचं कडसर लागतंय म्हणून. अक्कानं त्यांना झापलं, "कैरीच तसली हुती." मीही मान हलवली. माझं नाक अलीकडं धड चालत नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.