तुटलं की सांगायचं

डेस हॅलिननचा उभा जन्म पश्चिम क्वीन्सलँडच्या काळ्या मातीत मेंढ्यांची लोकर कातरण्यात गेला. कंबर गेली तेव्हा ते काम सुटलं. पाठोपाठ बायको, नोरीन, गेली आणि माणूस घरात नुसता भिंतीकडे बघत बसायला लागला. शेवटी गावातली हाडांची शेड चालवणाऱ्या लॉरेननं त्याला हाताला धरून तिथं नेलं. त्या मातीतून डायनासोरची हाडं वर येतात. त्यांच्यावरचा दगड बारीक टोकाच्या यंत्रानं कणाकणानं खरवडायचा, हे तिथलं काम. पैसे मिळत नाहीत, पण डेस असा रमला की रविवारी शेड बंद असते याचाच त्याला राग यायचा.

शेडचा नियम एकच. ज्याच्या हातून हाड तुटलं, त्यानं उठून मोठ्यानं "तुटलं" म्हणायचं. मग सगळ्यांनी यंत्रं बंद करून गुडघे टेकायचे आणि तुकडा सापडेपर्यंत जमीन धुंडाळायची. रागवायचं कुणी नाही. रागावलं की माणसं तुकडे खिशात घालतात, असं लॉरेनचं म्हणणं. चिडवायला मात्र पूर्ण मुभा.

यंदा डेसचा उजवा हात थरथरायला लागला. त्यानं कुणाला पत्ता लागू दिला नाही. चहा अर्धाच कप घ्यायचा, म्हणजे सांडत नाही. लॉरेनला कळलं तर यंत्र जाणार, आणि मग पुन्हा ती भिंत.

त्याच्यापुढे वर्षभर एकच हाड होतं. बरगडीचं की मानेचं, यावर लॉरेन आणि विद्यापीठातली मंडळी भांडून थकली होती. एका सकाळी हात उडाला आणि हाडाचा कोपरा टचकन निखळला. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या बेव्हच्या यंत्राच्या घरघरीत कुणाला ऐकूही गेलं नाही. गप्प बसला असता तर खपून गेलं असतं. डेसनं यंत्र बंद केलं. मग उठला.

"तुटलं," तो म्हणाला. "आणि हात थरथरतो माझा. बरेच दिवस झाले."

यंत्रं थांबली. "मेंढ्यांनासुद्धा असंच कापायचास का रे?" बेव्ह गुडघे टेकत म्हणाली. "बिचाऱ्या बोलल्या नसतील."

तुकडा कपाटाखाली सापडला. लॉरेननं तो दिव्याखाली धरला आणि भिंग लावून पाहिला. ताज्या तुटीत मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्याच पोकळ्या होत्या.

"मान आहे, बरगडी अशी पोकळ नसते," ती म्हणाली. "लांब मानेवाल्या डायनासोरची. बाकीचा हे सापडलं तिथंच खाली असेल कदाचित. पुन्हा खणायला हवं."

तुकडा चिकटवायला तिनं डेसलाच दिला आणि गोंद धरेपर्यंत त्याचं मनगट आपल्या हातात घट्ट धरून ठेवलं. मग डेसनं यंत्र पुसलं आणि बेव्हच्या टेबलावर ठेवून दिलं. लॉरेननं अडवलं नाही. अडवायला नकोच होतं, तरी त्याला लागलं.

"उद्या येशील ना?" तिनं विचारलं.

"काय करायला?"

"ये तर खरं. बेव्ह केक आणणार आहे."

दुसऱ्या दिवशी तो आला आणि पाहुण्यासारखा दाराशी बसला. चहा पूर्ण कप घेतला. थोडा सांडला, त्यानंच पुसला. एवढ्यात बेव्ह उठून उभी राहिली. चेहरा पांढरा पडलेला.

"तुटलं."

इतरांची यंत्रं बंद व्हायच्या आत डेस त्या गेलेल्या कमरेनं जमिनीवर उतरला होता.

"हलू नकोस, बेव्ह," तो म्हणाला. "पायाखाली येईल."