सिंगापूरला आम्ही कुणाकडे उतरलो

आमचा पहिला आणि शेवटचा परदेश प्रवास म्हणजे सिंगापूर. आम्ही तेव्हा गोरेगावला राहायचो, हे छापखान्यात होते. भिशी लागली, तिकिटं निघाली. हॉटेल परवडणारच नव्हतं. शेजारची ताई म्हणाली, "हॉटेल कशाला गं? माझा भाऊ आहे ना तिकडे. एकटाच असतो. विमानतळावर घ्यायला येईल." तिनं भावासाठी मालवणी मसाल्याचा पुडा दिला. आम्ही दशम्या, लसणीची चटणी आणि तो पुडा घेऊन निघालो.

विमानतळावरून बाहेर पडतो तोच एक गृहस्थ धावत आले. आमचं आडनाव घेऊन म्हणाले, "मुंबईहून ना?" आमचं आडनाव कोकणात गावोगाव सापडतं, पण तेव्हा ते कुठलं सुचायला? हे म्हणाले, "हो हो." गृहस्थांनी बॅगा उचलल्या आणि आपल्या गाडीकडे चालायलाही लागले. स्वतःचं नाव त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

घराचं दार एका बाईनं उघडलं. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या घरात बाई! मी ह्यांना हळूच कोपर मारलं. हे कुजबुजले, "लग्न केलं असेल. ताईला कळवलं नसेल. आपण गप्प बसायचं."

बाईंनी चहा दिला आणि विचारलं, "गुडघा कसा आहे आता?"

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. "बराय," हे म्हणाले.

"फोटोत तुम्ही बरेच वयस्कर वाटला होतात," बाई मला म्हणाल्या. मी हसले. आमचा फोटो ताईनं कधी पाठवला, हेच डोक्यात घोळत राहिलं.

जेवताना काही तरी बोलायचं म्हणून मी मसाल्याचा पुडा काढून गृहस्थांच्या हातात दिला. "ताईनं दिलाय."

"कुठल्या ताईनं?"

"तुमच्या. गोरेगावच्या."

ते पुड्याकडे बघत राहिले. "वहिनी, मला बहीणच नाही."

तेवढ्यात फोन वाजला. गृहस्थ नुसते "हो काका, हो काका" करत होते. फोन ठेवून त्यांनी कपाळावर हात मारला. त्यांच्या मित्राचे काका-काकू अजून विमानतळावरच बसले होते. आडनाव तेच, विमानही तेच. फक्त काकू गुडघ्यामुळे सावकाश बाहेर आल्या होत्या.

"मीही येतो," म्हणत हे त्यांच्याबरोबर गेले. मी मागे राहिले. त्या घरात आता पाहुणी म्हणून बसावं की बॅग उचलून जिन्यात उभं राहावं, मला समजेना. बाई म्हणाल्या, "आधी जेवून घे गं." मला रडूच आलं.

काकू लंगडत आत आल्या आणि मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "आमच्या गाडीतसून तुमी इलात काय?" मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी ताईच्या भावाचा पत्ता लागला. तो जहाजांच्या कारखान्यात कामाला होता. तो भेटायला आला आणि ओशाळून म्हणाला, "एका खोलीत आम्ही चौघे झोपतो. ताईला नाही म्हणवेना, आणि विमानतळावर यायचा धीरही होईना. तुम्हाला कुठे ठेवू या काळजीनं मला झोप नव्हती." मसाल्याचा पुडा घेऊन तो गेला.

हॉटेल शोधायचं म्हणून आम्ही बॅगा बांधायला घेतल्या. बाईंनी माझ्या हातातली बॅग काढून घेतली. "आता आलाच आहात तर राहा." काकू गादीवर जरा पलीकडे सरकल्या.

मुक्काम संपेपर्यंत आम्ही तिथेच राहिलो. काकूंना फार चालवत नसे आणि आम्हाला काही विकत घेणं जमत नसे. त्यामुळे आमची जोडी झकास जमली. बाकावर बसून आम्ही दोघी दशम्या खायचो आणि माणसं बघायचो.

परत आल्यावर ताईनं विचारलं, "माझ्या भावानं नीट केलं ना सगळं?" मी "हो" म्हणाले, मग "नाही" म्हणाले. त्या नवराबायकोनं आम्हाला का ठेवून घेतलं, हे मला आजही नीट उमगलेलं नाही. ह्यांना विचारलं तर म्हणतात, "तू हसलीस ना त्यांच्या फोटोच्या बोलण्यावर, म्हणून." पण मी तर गोंधळून हसले होते.