वसंतकाकांच्या हार्ड डिस्कवरचा शेरा

या पेजवरचे भुताखेतांचे अनुभव मी तीन वर्षांपासून वाचतो आहे, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचतो. कुणाला चिंचेखाली बाई दिसते, कुणाची गाडी घाटात आपोआप बंद पडते... गाडी बंद पडली तर प्लग साफ करा, असं मी एकदा खाली लिहिलंही होतं. त्यावर बऱ्याच जणांनी मला झापलं होतं. त्या सगळ्यांनी आज वचपा काढायला हरकत नाही. कारण आजचा अनुभव माझा स्वतःचा आहे आणि त्यात चिंच नाही, घाट नाही, अमावस्या तर नाहीच. भर दुपारी, पंख्याखाली, एका लॅपटॉपमध्ये घडलेली गोष्ट आहे.

माझं नेरला बस स्टँडच्या मागे कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. सोळा वर्षं हेच करतो. भूत म्हणजे सैल झालेली वायर, हे माझं ठाम मत होतं. घटनेच्या वेळी मी पस्तिशीला आलेला होतो आणि बिनलग्नाचा होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण गोष्टीशी त्याचा संबंध आहे.

वसंतकाका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. बाभुळगाव तालुक्यातल्या एका गावात राहायचे (गावाचं नाव लिहीत नाही, काकू ओळखू येईल). जिल्हा परिषद शाळेचे रिटायर्ड मास्तर. रिटायर झाल्यावर त्यांनी लग्नं जुळवायचं काम हाती घेतलं, तेही फुकट. लोक मुलामुलींचे बायोडेटा आणून द्यायचे आणि काका ते एका बोटाने लॅपटॉपवर टाइप करायचे. पण मास्तर तो मास्तरच. तीस वर्षं प्रगतिपुस्तकावर शेरे लिहिलेले, ती सवय जाणार कशी? प्रत्येक बायोडेटाच्या खाली लाल अक्षरांत त्यांचा शेरा असायचा. ‘मुलगा कामाचा. मामा फार बोलतो, त्याला बैठकीत आणू नये. चालेल.’ ‘मुलगी हुशार. स्वयंपाकाचं विचारू नये. चालेल.’ शेरा कितीही मोठा असो, शेवटचा शब्द दोनांपैकी एक असायचा. चालेल, नाहीतर थांबावं. लोकांचा पत्रिकेपेक्षा त्या शब्दावर जास्त विश्वास होता.

काका गेल्यावर हे काम काकूकडे आलं. तिला टायपिंग येत नाही. लॅपटॉप चालू करायचा, फाइल उघडायची आणि शेरा वाचून दाखवायचा, एवढं काकांनी शिकवून ठेवलं होतं. तेवढ्यावर तिचं चाललं होतं. मग मार्च महिन्यात एके दिवशी तिचा फोन आला.

“प्रफुल, तुह्या काकाचा लॅपटॉप टिकटिक करून राह्यला रे. चालू कराले बसली तं माह्या दोन भाकरी होऊन जातात तरी तो आपला फिरूनच राह्यला.”

टिकटिक म्हणजे हार्ड डिस्क मरणपंथाला लागलेली. मी म्हटलं, काकू, त्याला हात लावू नको, मी रविवारी नवीन एसएसडी घेऊन येतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, एसएसडीत काहीच फिरत नाही, म्हणून ती फास्ट. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवायचं, त्याला क्लोनिंग म्हणतात. हे काम मी डोळे मिटून करतो, असं तेव्हा सगळ्यांना सांगायचो.

रविवारी सकाळी पोचलो. समोरच्याच खोलीत कापूस भरून ठेवलेला, पार खिडकीपर्यंत, आणि त्याच्या कडेला काकांचं टेबल. क्लोनिंगच्या आधी मी सहज म्हणून माझा स्वतःचा बायोडेटा उघडला. काकांनी तो कधी दाखवला नव्हता. शेरा असा होता — ‘मुलगा हुशार. आपल्यालाच सगळं कळतं असं समजतो. थांबावं.’

पाच ठिकाणांहून मला नकार का आला होता, ते त्या क्षणी कळलं. राग आला, अगदी खरा राग. आम्ही घरच्यांनी पाच वेळा पत्रिका तपासून घेतल्या होत्या, मंगळ शोधला होता, आणि मंगळ निघाला माझाच काका.

“काकू, हा शेरा तू लोकांना वाचून दाखवते?”

“दाखवते ना. त्यायनं लेहलं ते मी कायले बदलू?” काकू तूर पाखडत होती, मान वर न करता बोलली. “दुपारी काम नसलं का मी एक उघडून वाचते. सगळे वाचून झाले, आता परत पयल्यापासून धरले. घरात कोनी बोलून राह्यलं असं वाटते... ते जाऊ नोको देजो बरं, बाबू. लॅपटॉप गेला तं गेला. उद्या फुलसावंगीचे पाव्हने येऊन राह्यले, त्यायले तरी मी काय सांगू?”

काही जात नाही काकू, मी आहे ना, असं मी म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा.

डिस्क लॅपटॉपच्या बाहेर जोडायला काळ्या प्लास्टिकची डबी मिळते. एका डबीत जुनी हार्ड डिस्क घातली, दुसऱ्या डबीत नवी एसएसडी. दोन्ही डब्या सारख्या, दोन्ही पाचशे जीबीच्या, आणि माझ्या लॅपटॉपवर जोडल्या की दोघींचं नावही सारखंच दिसायचं. ओळखायला खूण हवी होती. मार्कर दुकानात राहिलेला. देवघर हाताशी होतं, म्हणून करंड्यातलं चिमूटभर कुंकू घेतलं आणि जुनीच्या डबीवर टिळा लावला. आपल्या कल्पकतेवर खूशही झालो. मग हात धुवायला बाहेर गेलो, कारण काकांच्या लॅपटॉपच्या पंख्यातून मूठभर कापूस निघाला होता.

परत येऊन कुंकवाच्या डबीवरचं बिनकुंकवाच्या डबीवर उतरवायला लावलं. सॉफ्टवेअरने विचारलं की दुसऱ्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, नक्की करायचं का? हा प्रश्न मी दिवसातून चार वेळा वाचतो, म्हणजे वाचत नाही. हो म्हटलं आणि जेवायला बसलो. पातोडीची भाजी आणि भाकर होती. त्यानंतर मला चटईवर झोप लागली यात माझा दोष नाही.

तीन वाजता काम शंभर टक्के पूर्ण झालेलं होतं. डब्या उघडल्या तर एसएसडी कुंकवाच्या डबीत निघाली; तरी ती काकांच्या लॅपटॉपमध्ये बसवली, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली, डिस्कवर काहीच नाही अशा अर्थाची. काढून माझ्या लॅपटॉपला लावून पाहिली. कोरी. जुनी लावून पाहिली. तीही कोरी.

“काकू,” मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, “या डब्यांना हात लावला होता का?”

“त्या डब्यायले? हो ना. तू कुंकू जुन्याले लावून ठेवलं होतं रे. कुंकू नव्या वस्तूले लावत असतेत का जुन्याले? म्या पुसलं अन् नव्याले लावलं.”

“पण... नवी कोणती ते तुला कसं कळलं?”

“हातात घेतल्यावर कळते ना. नवी हलकी हाय.”

सोळा वर्षं डिस्का हाताळणाऱ्या माणसाला जे कळलं नाही ते काकूला दोन सेकंदांत कळलं होतं. मी कोऱ्या डिस्कवरचं कोरेपण जुन्या डिस्कवर उतरवलं होतं, साडेतीन तास, अगदी जसंच्या तसं. डिलीट झालेली फाइल परत आणता येते, पण अशी वरून पुसलेली येत नाही. तरी रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं. सापडलेल्या फाइली, शून्य.

तीनशेच्या वर शेरे... काकूची रोजची दुपार मी पुसून टाकली होती. आणि आता जे सांगतो ते सांगायला अजून लाज वाटते. मी ठरवलं की खरं बोलायचं नाही. जुनी डिस्क आधीच मेलेली होती, काहीच वाचवता आलं नाही, असं सांगायचं आणि नवीन विंडोज टाकून द्यायची. टिकटिक तर काकूने स्वतः ऐकली होती, म्हणजे विश्वास बसणारच. आतून काकूचा आवाज आला की झालं का रे, आणि मी म्हणालो, अपडेट चालू आहे. तेव्हा मोबाइलवर तीन चाळीस झाले होते आणि दोन्ही डिस्का माझ्यासमोर टेबलावर पडलेल्या होत्या, कशालाही न जोडलेल्या.

एसएसडी पुन्हा आत बसवली, स्क्रू लावले. विंडोजचा पेनड्राइव्ह अजून बॅगेतच होता. तो काढायच्या आधी सहज बटण दाबलं.

बारा सेकंदांत लॅपटॉप चालू झाला. पडद्यावर काकांचा नेहमीचा फोटो होता, कपाशीत उभी असलेली काकू, ऊन लागल्यामुळे डोळे बारीक केलेली. खाली काकांचं फोल्डर. त्यात सगळे बायोडेटा. मी दहा-बारा उघडून पाहिले, लाल शेऱ्यांसकट शाबूत होते. काका जिवंत असताना कुठल्याही कार्यक्रमाला इतक्या लवकर तयार झाले नव्हते.

आनंद व्हायला हवा होता, पण मी आधी जुनी डिस्क टेबलावरच आहे ना ते पाहिलं. मग माझं लक्ष गेलं की यादीत माझी फाइल सगळ्यात वर आहे. शेवटचा बदल आजचा, वेळ दुपारचे तीन चाळीस. उघडली.

‘मुलगा हुशार. आपल्यालाच सगळं कळतं असं समजतो. चूक झाली की डिस्कवर ढकलतो. थांबावं.’

खुर्ची मागे सरकवून उठलो तो थेट कापसात बसलो. तेवढ्यात काकू चहा घेऊन आली. मला कापसात बसलेलं पाहून तिने कप टेबलावर ठेवला. मी तिथूनच सगळं सांगून टाकलं. कुंकू, डब्या, दोन्ही डिस्का कोऱ्या झाल्या ते, आणि मी काय खोटं बोलणार होतो तेही. बोलताना रडू आलं, ते लपवलं नाही.

काकू पडद्याकडे वळली.

“दोनी पुसल्या होत्या?”

“दोन्ही.”

“मंग हे कसं आलं?”

“मला माहीत नाही काकू.”

“हे पयल्यांदाच आयकलं तुह्या तोंडून,” ती म्हणाली. मग पदराने डोळे पुसले आणि एकदम हसली. “त्यायची सवयच होती ते. गावाले निंघाले का फाटकापासून वापस येत, कुलूप लागलं का नाही ते पाहाले. मी चिडो. आता पाह्य... तेवढ्यासाठी आलते.”

तिच्या दृष्टीने विषय तिथे संपला. माझ्या दृष्टीने सुरू झाला. जुनी डिस्क मी दुकानात आणून चार वेगवेगळ्या मशिनवर तपासली. पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरी. काकांच्या घरी इंटरनेट नव्हतंच, तेव्हा दुसरीकडे कुठे कॉपी असण्याचा प्रश्न नाही. धंद्यातले मित्र म्हणतात, तू झोपेत असशील, तुझं काहीतरी चुकलं असेल. चुकलं तर होतंच, पण चुकून दुरुस्त कसं झालं ते कुणी सांगत नाही.

पुढचं थोडक्यात. दुसऱ्या दिवशी फुलसावंगीचे पाहुणे आले, ते दुसऱ्याच एका मुलाची माहिती काढायला. मुलीचं नाव अश्विनी. काकूचा चष्मा सापडेना, म्हणून ती म्हणाली, तूच पाह्य बाई. अश्विनीने स्वतः यादी वाचली आणि सगळ्यात वरची फाइल उघडली. पंधरा दिवसांनी काकूच्याच घरी आमचं बघणं झालं. मी तिला आधीच सांगून टाकलं की माझा शेरा वाईट आहे.

“वाचला ना मी,” ती म्हणाली. “बाकी सगळ्यायच्या बायोडेटात निर्व्यसनी अन् सुस्वभावी. वाचून वाचून कंटाळा आलता. तुमच्यात खरं लेहलेलं होतं. अन् शेवटचं वाक्य आवडलं म्हणून तं आली.”

“थांबावं? ते आवडलं?”

“थांबावं कुठी हाय तिथं?”

मी उठून टेबलापाशी गेलो आणि फाइल उघडली. त्या दुपारनंतर मी या फाइलीला हात लावला नव्हता. काकूला टायपिंग येत नाही, हे वर सांगितलंच आहे. शेवटचा बदल त्याच रविवारचा होता, चार वाजून दहा मिनिटं. म्हणजे मी कापसात बसून बोलत होतो तेव्हाचा, जेव्हा लॅपटॉपला कुणाचाच हात नव्हता आणि काकू माझ्यासमोर उभी होती.

आमच्या लग्नाला आता वर्ष होत आलं. हे कसं झालं असेल, असं दुकानात कुणी विचारलं तर मी माहीत नाही म्हणतो, आणि ते म्हणायला आता जड जात नाही. त्या फाइलची प्रिंट काढून काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे. लाल अक्षरांत चार वाक्यं आहेत, आणि त्यांच्या शेवटी एकच शब्द.

‘मुलगा हुशार. आपल्यालाच सगळं कळतं असं समजतो. चूक झाली की डिस्कवर ढकलतो. पण शेवटी सांगतो. चालेल.’