पेटती चूल सोडून

कुणाच्याही घरात शिरली की ती माणसांकडे बघत नसे, आधी वर बघे. उंबऱ्यातच थांबायची, मान मागे टाकायची आणि पत्रे, वासे, भिंत आणि छपरामधली फट, सगळं नजरेखालून घालायची. मग घरातल्या बाईला विचारायची, "डोस्कं दुखते काय वं?" ख्यालीखुशाली त्यानंतर. पुढे केलेला पाण्याचा तांब्यासुद्धा त्यानंतर.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला दुसऱ्याच्या घरातली एकच गोष्ट दिसते. कुणाला मागे पडलेलं घड्याळ दिसतं, कुणाला गळका नळ. हिला चूल दिसायची.

आमच्या शाळेत ती स्वयंपाकाला होती. आदिलाबाद जिल्ह्यात, महाराष्ट्राला अगदी लागून आमचं गाव. शाळा सरकारी, मराठी माध्यमाची. मी तिथे विज्ञान शिकवतो. गॅस आता गावात घरोघरी आहे, पण तो चहापुरता आणि पाहुण्यांपुरता. भाकरी, अंघोळीचं पाणी आणि शाळेतल्या पोरांचा वरणभात तेव्हा लाकडावरच व्हायचा. तिला सगळे मावशी म्हणत. मीही म्हणायचो, पण पहिली दोन वर्षं ती मला मुळीच आवडत नसे.

कारण सांगतो. मी या गावात बदलून आलो, शाळेसमोरच्या मैदानापलीकडे दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि बायकोने पडवीत चूल मांडली. तिसऱ्या दिवशी ही बाई आली, वर बघितलं आणि कुणाला न विचारता पायाने ती चूल मोडली.

"वासा काळा पडून राह्यला, दिसत नाई काय?" ती म्हणाली. "एक ठिणगी पुरे हाय, सर. तुमचं पुस्तकं-बिस्तकं सगळं जाईन."

मग तिनेच माती कालवली. छपरापासून लांब, भिंतीला सोडून नवी चूल घातली. लाकडाखालून वारा शिरावा म्हणून खाली विटा उभ्या करून पोकळी ठेवली आणि मागून पत्र्याचा पाइप थेट छपराबाहेर काढला. बायको खूश झाली. मी मात्र आठवडाभर धुमसत होतो. विज्ञानाच्या मास्तराची चूल शाळेतल्या स्वयंपाकिणीने लाथेने मोडावी, हे माझ्या पचनी पडत नव्हतं.

तिचं लाकूड पारखणं बघण्यासारखं होतं. दोन ढलप्या हातात घेऊन ती एकमेकींवर आपटायची आणि कान द्यायची. ठण् आवाज आला तर एका ढिगात, थप् आला तर दुसऱ्या. "हे बोलते. हे अजून मुकं हाय, मुकं चुलीत घातलं का रडते न् आपल्यालेबी रडवते." मुकं लाकूड उन्हाळाभर पत्र्याखाली पडून राही. पेटवायला पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं. प्लास्टिकची पिशवी चुलीत टाकताना कुणी सापडलं तर त्याची काही खैर नसे. चुलीपुढे बसण्याआधी पदर कमरेला असा घट्ट खोचायची की तो तिच्या अंगाचाच भाग वाटे. बाजूला पाण्याची बादली. दिवाळीआधी पाइप उतरवून आतली काजळी झटकायची. राख लोखंडी घमेल्यात काढून दुसऱ्या दिवसापर्यंत मोकळ्यावर ठेवायची.

"राखीचा भरोसा नाई, सर. वरून गार रायते, अंदरून जित्ती."

पण तिचा मोठा नियम एकच होता. पेटत्या चुलीपासून उठायचं नाही. एकदा मंडलाचे अधिकारी तपासणीला आले, जीपमधून उतरून थेट स्वयंपाकाच्या शेडशी गेले आणि तिला बाहेर बोलावू लागले. हेडमास्तर हातवारे करतायत, शिपाई खुणा करतोय. हिने वळून एकदाच बघितलं आणि तेलुगूतले जे चार शब्द तिला येत होते त्यातले दोन वापरले, "आगंडी, सार." थांबा म्हणाली. भात उतरला, लाकडं ओढून राखेत दाबली आणि मगच ती उठली. साहेब तोवर कडुलिंबाखाली उभे होते.

हे सगळं लक्षात ठेवा. पुढे लागेल.

आमची मुलगी पौषात जन्मली. बायकोची आई हयात नाही, म्हणून बाळंतपण करायला माझी आई आदिलाबादहून आली. आमच्याकडची थंडी तुम्हाला ठाऊक असेल. तेलंगणात सगळ्यात आधी इथेच हुडहुडी भरते. बाळंतिणीला आणि बाळाला शेक द्यायची रीत घरोघरी आहे. रोज सकाळी मी शाळेच्या चुलीतले निखारे घमेल्यात घेऊन मैदान ओलांडायचो. आई ते पडवीत ठेवून तेलपाणी करायची, शेकायची. मावशी स्वतः निखारे निवडून द्यायची. धूर सोडणारी ढलपी तिच्या घमेल्यात कधी गेली नाही.

अकराव्या दिवशी आभाळ भरून आलं आणि गार वारं सुटलं. आई म्हणाली, "आज जास्तीचे आण. खोलीतच ठेवू." मी मावशीला म्हटलं, आज घमेलं भरून द्या. तिने दिलं. कुठे ठेवणार, हे तिने विचारलं नाही, कारण रोज पडवीतच असायचं.

आईने घमेलं बाजेखाली सरकवलं, खिडकीत गोधडी कोंबली, दाराच्या फटीला पोतं लावलं. खोली छान उबदार झाली. बायको म्हणाली, "डोकं जड वाटतंय." आई म्हणाली, अशक्तपणा आहे, झोप. आणि मी दार ओढून घेऊन सहावीला ज्वलन शिकवायला गेलो. हो, ज्वलनच. हे मी रचून सांगत नाही. फळ्यावर मेणबत्तीचं चित्रसुद्धा काढलं होतं.

मधल्या सुट्टीत शेडपाशी हात शेकत उभा होतो. मावशी वरणाला फोडणी देत होती. मी आपला कौतुकाने बोललो, "मावशी, तुमच्या निखाऱ्यांनी काम केलं. दोघी गाढ झोपल्यात. आईने वाऱ्याला शिरायला तसूभर जागा ठेवली नाही."

तिचा हात थांबला.

"इंगळ कुठी ठेवले?"

"खोलीत. बाजेखाली."

"न् खिडकी?"

"बंद."

ती उठली. पळी वरणात तशीच, लाकडं चुलीत तशीच भडकलेली आणि ती मैदानातून धावत सुटली होती. साठीची बाई, अनवाणी. पोरं ताटल्या घेऊन बघत राहिली. मला काय झालंय ते कळलं नव्हतं, पण पेटती चूल सोडून ती धावतेय एवढं बघून मीही धावलो.

आई पडवीत गहू निवडत बसली होती. आम्हाला बघून ती उठली आणि दारात आडवी उभी राहिली. "बाळंतिणीची खोली हाय. वारं लागंल लेकराले."

"आई, दार सोडा," मावशी म्हणाली.

"हात काळे, पदर काळा, न् तशीच जाते काय अंदर?"

आता मी काय केलं ते ऐका. मी आईची बाजू घेतली. वर्गात काढतो तो आवाज काढला आणि म्हटलं, "मावशी, तुम्हीच बघा की वर. धूर आहे का कुठे? एवढासाही नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. तशी नजर माझ्यावर पुन्हा कुणी टाकू नये.

"धूर नाई म्हणूनच तं!" ती ओरडली आणि आईला दंडाला धरून बाजूला सारून दार लोटलं.

आत ऊब होती, काळोख होता आणि कसलाही वास नव्हता. बायकोचे गाल लालसर होते. मी हाक मारली तर तिने डोळे अर्धे उघडले आणि मिटले. मावशीने बाळाला उचललं. त्याची मान तिच्या हातावरून लोंबली.

"बाईले उचला, सर! पायत काय राह्यले!"

मी बायकोला ओढतच अंगणात आणलं. मावशी मातीत बसली होती, बाळाची टाळू गार वाऱ्याला उघडी, ज्या वाऱ्याला आम्ही अकरा दिवस भीत होतो त्याच वाऱ्यात. ती त्याची पाठ चोळत होती, तळपायाला टिचक्या मारत होती. "रड वं माय, रड. रड माह्ये बाई." बाळ रडत नव्हतं. आई दाराशी मटकन बसली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मी बायकोला धरून होतो आणि बघत बाळाकडे होतो, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की निखारे मी नेले, दार मी ओढलं.

मग एक बारीक आवाज आला, मांजराच्या पिलासारखा. मग दुसरा. मग ती रडली, आणि असा काही गळा काढला की मैदानापलीकडून पोरं धावत आली. बायकोला त्याच वेळी उलटी झाली. मावशी म्हणाली, "आता रिक्षा बोलवा. इथी थांबू नका."

दवाखान्यात दोघींना प्राणवायू लावला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो. पुढे ते मला समजावू लागले की बंद खोलीत निखाऱ्यांतून कोणता वायू निघतो, त्याला रंग नसतो, वास नसतो. मला पाठ होतं ते. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

दोघी बऱ्या झाल्या. बारसं ठरलं. सगळं गाव आलं, मावशी आली नाही. मी तिच्या घरी गेलो तर ती अंगणात एक मोठा गंज घासत बसली होती. गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं. त्या दिवशीचं वरण पार करपून बुडाला लागलं होतं. हेडमास्तरांनी लाकडं ओढली नसती तर शेडच पेटली असती.

"आजवर वरण लागलं नोहतं माह्यं," ती म्हणाली.

"मावशी, बारशाला चला."

"कोण्या तोंडानं येऊ, सर? इंगळ मी देल्ले."

मी म्हटलं, नेले तर मी. ती राखेने गंज घासत राहिली. खालमानेनेच बोलली. तिची धाकटी जाऊ अशीच बाळंतीण होती. अशीच थंडी, असंच घमेलं. सकाळी दार हिने उघडलं.

"मायलेकी दोघीबी निजल्यासारक्या. आदल्या सांजी म्हने, बाई, डोस्कं दुखते. मी म्हनलं, नीज. दार उघडलं तं मी वर पायलं, धूर हाय काय म्हणून. कायीच नोहतं, सर. फटबी नोहती एक."

इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, ती वर धूर बघते. ती फट शोधत होती, हवा जायला-यायला घरात एखादी जागा आहे का ते. मला तिथेच रडू आलं. ती घाबरली आणि पदराने हात पुसत उठली. बारशाला आली तेव्हा माझ्या आईने तिला पाळण्याजवळ बसवलं आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं. त्याआधी तिने उंबऱ्यात थांबून वर बघितलंच. खिडकी सताड उघडी होती.

त्यानंतर निखारे मागायला कुणी आलं की ती आधी पत्ता विचारायची. "पडवीत का खोलीत?" खोलीत म्हटलं की घमेलं परत.

ती मागच्या पावसाळ्यात गेली. छाती भरून यायची, जिना चढवत नसे. मी तिला आदिलाबादला नेलं होतं, तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, बिडी ओढता का. ती म्हणाली, "बिडी नाई, चूल ओढली, लानपणापासून." स्वतःला पाइप सुचेपर्यंत अर्धं आयुष्य गेलं होतं आणि तोवरचा धूर तिच्या आतच राहिला होता. घरोघरी फिरून ती दुसऱ्या बायकांचा धूर बाहेर काढत होती आणि हे मला तिथे दवाखान्याच्या बाकावर कळलं.

शाळेत आता गॅस आहे. शेडमधलं जुनं सामान मोडीत काढायची यादी झाली, तेव्हा त्यात तो गंजही होता. बुडाशी तळहाताएवढा काळा डाग. तिने तो महिनोन्महिने घासला, गेला नाही. मी यादीतून त्याच्यावर रेघ मारली.

माझी मुलगी आता आमच्याच शाळेत दुसरीला आहे. परवा जेवणाच्या रांगेत ती रिकाम्या गंजात डोकावून बघत होती.

"पप्पा, हे काळं काऊन हाय?"

"वरण करपलं होतं एकदा."

"कोणी करपवलं?"

मी म्हटलं, "तू रडत नव्हतीस ना, म्हणून करपलं."

तिला काही कळलं नाही. ती ताटली घेऊन पुढे सरकली.